विलायतेतली महागाई



२०२२ सालच्या मार्च महिन्यात जे आठवड्याच्या बाजाराला गेले असतील, त्यांना आठवत असेल, सूर्यफुलाच्या तेलाचा भाव एकाएकी चढला होता. दुकानदाराला विचारावं तर तो सांगे, "युक्रेनात लढाई लागली आहे." कुठं ते युक्रेन आणि कुठं आपल्या घरची फोडणी! पण दुकानदार खोटं बोलत नव्हता. आपल्या देशात येणारं सूर्यफुलाचं तेल तेव्हा बव्हंशी त्या मुलखातून येत असे. तिकडे तोफा उडाल्या आणि इकडे आपल्या कढईत तेलाची धार बारीक झाली.

त्याच लढाईची झळ आणखी एका देशाला कशी लागली, आणि तिथले लोक सरकारवर का चिडले, याची हकीगत आज मी तुम्हाला सांगणार आहे. तो देश म्हणजे ब्रिटन; आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडची विलायत. विलायत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे श्रीमंती उभी राहते. पण २०२२ च्या हिवाळ्यात त्याच देशातल्या गावोगावच्या वाचनालयांत आणि चर्चच्या दिवाणखान्यांत खास ऊब घेण्यासाठी खोल्या उघडाव्या लागल्या. ज्यांना स्वतःचं घर तापवणं परवडत नाही, त्यांनी दिवसा इथं येऊन बसावं, चहा घ्यावा आणि रात्री घरी जाऊन पांघरुणात शिरावं, अशी ती तजवीज होती. आपल्यापैकी कित्येकांची मुलं-सुना, भाचे-पुतणे नोकरीधंद्यासाठी तिकडे आहेत. त्यांच्याकडूनही हे तुमच्या कानावर आलं असेल.

आता तुम्ही म्हणाल, महागाई कुठं नाही? खरं आहे. पण माणूस महागाईने गांजतो आणि माणूस सरकारवर चिडतो, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीतून दुसरी कशी निघते, हे पाहण्यासारखं आहे.

प्रथम आकडे पाहू. फार देणार नाही. पण जे देतो ते ध्यानात ठेवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटनमधला महागाईचा दर ११.१ टक्क्यांवर गेला. चाळीस वर्षांत तो इतका चढला नव्हता. अन्नधान्याची महागाई तर मार्च २०२३ मध्ये १९ टक्क्यांच्या पुढे गेली. म्हणजे आदल्या वर्षी शंभर पौंडांत येणारा किराणा आता एकशे एकोणीस पौंडांत येऊ लागला.

याचं मूळ कुठं होतं? कोविडची साथ ओसरली, कारखाने पुन्हा धडाधड सुरू झाले आणि २०२१ च्या शरद ऋतूपासूनच युरोपात नैसर्गिक वायूचे भाव चढू लागले. त्यात २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर चढाई केली, आणि रशियातून युरोपात येणारा वायू आटत गेला. युरोपीय संघातून ब्रिटन बाहेर पडल्यावर सीमेवरचे सोपस्कार वाढले होते. त्याचाही थोडाफार भार खाण्याच्या जिनसांवर पडला, असं बरेच अर्थशास्त्रज्ञ मानतात.

पण मुख्य गोष्ट वायूचीच. तिकडची बहुतेक घरं वायूवर चालणाऱ्या बंबाने तापवतात. आपल्याकडे थंडी पडली तर शेकोटी पेटवून, घोंगडी पांघरून निभावता येतं. तिकडे घर तापवणं ही चैन नसते. म्हाताऱ्या माणसाच्या आणि तान्ह्या मुलाच्या बाबतीत तो जीवनमरणाचा प्रश्न असतो. त्यातून तिथली पुष्कळ घरं जुनी. भिंतींतून आणि खिडक्यांतून ऊब निसटून जाणारी. पुन्हा वीजही बऱ्याच अंशी वायूवरच तयार होते. घाऊक बाजारात विजेचा भाव सर्वांत महाग पडणाऱ्या वीजकेंद्रावरून ठरतो, आणि ते केंद्र बहुधा वायूचं असतं. त्यामुळे वायू महागला की पवनचक्कीची वीजदेखील महाग होते. हा हिशेब सामान्य माणसाला काही केल्या पटेना, आणि न पटावा यात नवल नाही.

तिथं वीज आणि वायू खाजगी कंपन्या विकतात. त्यांच्या दरावर मर्यादा घालण्याचं काम ऑफजेम नावाचं नियामक कार्यालय करतं. नेहमीच्या वापराच्या घराला वर्षाकाठी किती बिल यावं, याचा आकडा ते जाहीर करतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो होता १,२७७ पौंड. एप्रिल २०२२ मध्ये झाला १,९७१ पौंड. आणि ऑगस्टअखेर जाहीर झालं की येत्या ऑक्टोबरपासून तो ३,५४९ पौंड होईल. एका वर्षात जवळजवळ पावणेतीन पट! त्या वर्षी तिथं सरकारी वृद्धापवेतन, पुरी वर्षं भरलेल्या माणसालासुद्धा, आठवड्याला १८५ पौंड होतं. वर्षाला साडेनऊ हजारांच्या थोडं वर. अशा पेन्शनीवर जगणाऱ्याच्या घरी नेहमीएवढं इंधन जळलं असतं, तर मिळकतीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग नुसत्या बिलात गेला असता.

श्रोतेहो, आता मी तुम्हाला एका लहानशा यंत्रापाशी घेऊन जाणार आहे. या साऱ्या रागाचं मर्म मला त्या यंत्रात दिसतं.

तिथं चाळीस लाखांहून अधिक घरांत विजेचं वा वायूचं आगाऊ पैसे भरण्याचं मीटर आहे. आपण मोबाइलचं रिचार्ज करतो ना, तसंच. एक किल्ली किंवा कार्ड घ्यायचं, कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, पाच-दहा पौंड भरायचे आणि ते आणून मीटरमध्ये घालायचं. पैसे संपले की थोडीशी उसनी रक्कम मिळते. तीही संपली की घर अंधारात.

ही मीटरं पुष्कळदा कुणाच्या घरी असतात? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांच्या, ज्यांची बिलं थकली आहेत अशांच्या. ज्यांच्या खात्यात शिल्लक असते, ते महिन्याच्या हप्त्याने बिल भरतात. उन्हाळ्यात थोडं जास्त जातं, ते हिवाळ्यात कामी येतं. मीटरवाल्याला मात्र हिवाळ्याचा सारा मार हिवाळ्यातच सोसावा लागतो. वर दरही त्याला थोडा चढा पडे. हा फरक २०२३ च्या जुलैपासून दूर करण्यात आला. आणखी एक गंमत ऐका, म्हणजे गंमत कसली! आपल्या वीजबिलात जसा स्थिर आकार असतो, तसा तिथंही रोजचा आकार असतो. समजा, एका एकट्या राहणाऱ्या आजीबाईंनी पैसे वाचवण्यासाठी पंधरा दिवस वायू लावलाच नाही. तरी तो आकार रोजच्या रोज मीटरमध्ये साचत राहतो. पंधरा दिवसांनी पाच पौंड भरून त्या घर तापवायला गेल्या, तर आधी साचलेलं देणं कापलं जातं. बाईंच्या वाट्याला ऊब उरतेच किती!

आणि यातली सर्वांत बोचरी गोष्ट पुढंच आहे. कंपनीने वीज तोडली तर त्याची कुठं तरी नोंद होते, चौकशी होते. इथं कुणी वीज तोडतच नाही. माणसाचे पैसे संपतात आणि तो आपोआप अंधारात जातो. लोकांना सल्ला देणाऱ्या सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेने अंदाज काढला की २०२२ या एका वर्षात ३२ लाख माणसांवर अशी पाळी निदान एकदा तरी आली. थकबाकीदारांच्या घरी न्यायालयाचा हुकूम घेऊन, कुलूप उघडून अशी मीटरं बसवली जात होती. हे फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्तमानपत्रातून उघडकीला आलं तेव्हा देशभर गदारोळ झाला. मग ऑफजेमने सक्तीने मीटर बसवणं थांबवायला लावलं आणि न्यायालयांनाही असे हुकूम देणं थांबवण्याची सूचना गेली. पण तोवर निम्म्याहून अधिक हिवाळा सरला होता.

सरकारने काहीच केलं नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. तसं म्हणणं अन्यायाचं होईल. मे २०२२ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी सरकारी साहाय्यावर जगणाऱ्या कुटुंबांना ६५० पौंड, पेन्शनरांच्या घरांना आणखी ३०० आणि प्रत्येक घराला बिलात ४०० पौंडांची सूट जाहीर केली. तेल-वायू काढणाऱ्या कंपन्यांच्या वाढीव नफ्यावर २५ टक्के जादा कर बसवला. पुढे तो ३५ टक्के झाला. सप्टेंबरमध्ये पंतप्रधान झालेल्या लिझ ट्रस यांनी बिलाचा आकडा २,५०० पौंडांवर रोखून धरला. वरचा फरक सरकार भरणार होतं. ही मदत लहान नव्हती. ती नसती तर तो हिवाळा किती कठीण गेला असता, याची कल्पनाच करवत नाही.

मग लोक चिडले कशाला?

एक कारण असं की, बोलणं आणि प्रचिती यांचा मेळ बसेना. २,५०० पौंड ही बिलाची कमाल मर्यादा आहे, असा पुष्कळांचा समज झाला. खुद्द पंतप्रधानांनीही मुलाखतीत तसंच सांगितलं. वास्तविक मर्यादा होती ती एका युनिटच्या दरावर. ज्याच्या घरी जास्त जळेल, त्याला जास्तच भरावं लागणार होतं. ज्याने भरवसा ठेवला त्याच्या हाती बिल आलं, तेव्हा त्याला काय वाटलं असेल!

दुसरं कारण मोठं आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी ट्रस यांचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी एक छोटं अंदाजपत्रक मांडलं. त्यात सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात होती. वर्षाला दीड लाख पौंडांवर मिळकत असलेल्यांचा ४५ टक्क्यांचा कर काढून टाकायचा आणि बँकवाल्यांच्या बोनसवरची मर्यादा उठवायची, असाही बेत होता. या कपातीचा पैसा कुठून येणार, याचा जमाखर्च दिलेला नव्हता. सरकारला कर्ज देणारे बिचकले. डॉलरच्या तुलनेत पौंड कधी नव्हे इतका खाली गेला, आणि बाजार सावरण्यासाठी बँक ऑफ इंग्लंडला धाव घ्यावी लागली.

हे बड्या लोकांचं प्रकरण म्हणून सोडून देऊ नका. तिथली बरीच कुटुंबं कर्जाने घर घेतात आणि व्याजाचा दर दोन किंवा पाच वर्षांसाठीच पक्का असतो. ऑक्टोबरमध्ये दोन वर्षांच्या नव्या कर्जाचा सरासरी दर सहा टक्क्यांवर गेला. पंचवीस वर्षांत फेडायचं दोन लाख पौंडांचं कर्ज घ्या. दोन टक्क्यांनी त्याचा मासिक हप्ता सुमारे ८५० पौंड पडतो, सहा टक्क्यांनी सुमारे १,२९०. ज्यांची मुदत त्या दिवसांत संपली, त्यांच्यावर केवढा डोंगर कोसळला ते पाहा. धनिकांच्या कराची कपात दहाच दिवसांत मागं घ्यावी लागली. अर्थमंत्री गेले. पाठोपाठ, सत्तेवर येऊन ४५ दिवस झाले नाहीत तोच, पंतप्रधानांनी राजीनामा जाहीर केला. बिलं रोखून धरण्याचं दोन वर्षांचं आश्वासनही आखूड झालं.

आता तिसरं कारण. हे पैशाचं नाही, बोलण्याचं आहे. बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर अँड्र्यू बेली यांनी २०२२ च्या फेब्रुवारीत लोकांना सुचवलं की, मोठी पगारवाढ मागू नका, संयम ठेवा. पगार वाढले की भाव आणखी वाढतील. अर्थशास्त्राच्या दृष्टीने या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण सांगणाऱ्याचा स्वतःचा वार्षिक मेहनताना पाच लाख पौंडांहून अधिक होता. एका खासदाराने पार्लमेंटात सांगितलं की लोकांना स्वयंपाक नीट येत नाही. तीस पेन्समध्ये एका वेळचं जेवण होतं. आणि तिकडे शेल या तेलकंपनीने २०२२ सालचा नफा जाहीर केला: जवळपास चाळीस अब्ज डॉलर, कंपनीच्या शंभराहून अधिक वर्षांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा. एकाला संयमाचा उपदेश आणि दुसऱ्याच्या घरी दिवाळी, हे पाहून कुणाचं डोकं फिरणार नाही?

तेव्हा लोक उठले. रेल्वेचे कामगार, टपालवाले, शिक्षक, तरुण डॉक्टर यांनी पाळीपाळीने संप केले. बिल भरायचंच नाही, अशी एक मोहीम निघाली. डिसेंबर २०२२ मध्ये तर परिचारिका रस्त्यावर आल्या. त्यांच्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या संघटनेने शंभराहून अधिक वर्षांत एवढा व्यापक संप कधी केला नव्हता. कोविडमध्ये ज्यांच्यासाठी देशाने दारात उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, त्याच या बाया.

इथं शिक्षक बंधु-भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण मुलांना समजावून देण्यासारखी आहे. महागाईचा दर हा सरासरीचा आकडा असतो. ब्रिटनचं सांख्यिकी कार्यालय सातशेहून अधिक वस्तूंचे भाव गोळा करून तो काढतं. २०२२ च्या जानेवारीत जॅक मन्रो या लेखिकेने तक्रार केली की, ही सरासरी गरिबाची कथा सांगत नाही. दुकानातले सर्वांत स्वस्त जिन्नसच अधिक महागले किंवा नाहीसे झाले. कार्यालयाने ती तक्रार झटकून टाकली नाही. सर्वांत स्वस्त अशा तीस जिनसांची निराळी मोजणी केली. पहिल्या वेळी दिसलं की एकूण वाढ इतर अन्नाइतकीच आहे, पण पास्ता, म्हणजे त्यांच्या शेवयांसारखा प्रकार, ५० टक्क्यांनी महागला आहे. सप्टेंबर २०२२ ची मोजणी आली तेव्हा चित्र अधिक स्पष्ट झालं. वर्षभरात स्वस्तातलं खाद्यतेल ६५ टक्क्यांनी, पास्ता ६० टक्क्यांनी आणि चहा ४६ टक्क्यांनी चढला होता. सरासरी कागदावर राहते. चूल ज्याची त्याची असते.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी आणि त्याहून जास्त चुकणारी. मे २०२४ मध्ये महागाईचा दर दोन टक्क्यांवर आला, आणि सरकारने म्हटलं, महागाई आटोक्यात आली. पण बायाबापड्या दुकानात गेल्या तर भाव तिथंच! कारण दर उतरणं म्हणजे भाव उतरणं नव्हे. विहिरीचं पाणी भराभर चढत होतं, ते आता सावकाश चढतं आहे, एवढाच त्याचा अर्थ. तीन वर्षांत एकूण भावपातळी पाचव्या हिश्श्याहून अधिक चढली होती, ती चढलेलीच राहिली. फूड बँक, म्हणजे गरजूंना शिधा देणारी केंद्रं. त्यांचं एक मोठं जाळं ट्रसेल ही संस्था चालवते. २०१०-११ मध्ये तिने वाटलेल्या शिध्यांची संख्या साठ हजारांच्या घरात होती. २०२३-२४ मध्ये ती ३१ लाखांवर गेली. संस्थेचा पसारा वाढला हे खरं. पण गरज नसती तर पसारा कशाला वाढता?

जुलै २०२४ च्या निवडणुकीत लोकांनी सरकार बदललं. मजूर पक्ष सत्तेवर आला, आणि त्याच महिन्यात नव्या अर्थमंत्री रेचेल रीव्हज यांनी वृद्धांना हिवाळ्यात इंधनासाठी मिळणारे दोनशे-तीनशे पौंड फक्त अगदी गरिबांपुरते ठेवले. सुमारे एक कोटी वृद्धांची ती मदत बंद झाली. श्रीमंत पेन्शनरांना सरकारने पैसे कशाला द्यावेत, हा युक्तिवाद वाईट नव्हता. पण रेघ इतकी खाली ओढली की, जेमतेम निभावणारे असंख्य लोक रेघेच्या वर पडले. पुन्हा रोष, पुन्हा माघार. जून २०२५ मध्ये सरकारला जाहीर करावं लागलं की वर्षाला ३५ हजार पौंडांपर्यंत मिळकत असणाऱ्यांना ती मदत परत मिळेल. पक्ष निराळा, चूक मात्र ओळखीची.

श्रोतेहो, याच देशाने एके काळी याहून मोठी ओढगस्त सोसली होती. जानेवारी १९४० मध्ये तिथं शिधावाटप सुरू झालं ते १९५४ च्या जुलैपर्यंत चाललं. चौदा वर्षं! लोणी मोजून, साखर मोजून, मांस मोजून. पण शिधापत्रिका राजघराण्यालाही होती. अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन स्वतः रेडिओवर येऊन लोकांना सांगत, काय आहे, काय नाही, आणि आहे त्यात कसं भागवावं. काळाबाजार तेव्हाही होता. लोक कुरकुरतही होते. तरी बहुतेकांनी ते सोसलं, कारण शेजाऱ्याच्या ताटातही तेवढंच आहे, असा भरवसा होता.

माझ्या मते २०२२ च्या रागाचा अर्थ इथं उलगडतो. वायू महागला हे सरकारच्या हातात नव्हतं, हे लोकांना कळत होतं. पण ओझं कुणाच्या खांद्यावर किती ठेवायचं, हे सरकारच्या हातात होतं. जो आगाऊ पैसे भरतो त्यालाच जादा दर, जो संयम ठेवतो त्यालाच उपदेश, आणि जो अंधारात बसतो त्याची नोंदही नाही. हे लोकांना सोसवलं नाही. उपाशी माणूस एक वेळ तग धरतो, पण पंक्तीत वाढताना हात आखडता घेतलेला त्याला दिसतो, आणि तो तो विसरत नाही.

जाता जाता शिक्षकांना एक सुचवतो. आपल्या गावच्या बाजारातल्या दहा जिनसांची यादी मुलांकडून करून घ्या: ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, तेल, गूळ, चहा, कांदा, मीठ, साबण आणि गॅसचा सिलिंडर. दर महिन्याच्या पहिल्या बाजारी तिचे भाव फळ्यावर लिहा. सर्वांत स्वस्त प्रतीचा भाव मुद्दाम निराळा मांडा. वर्षअखेर मुलांना वाढ काढायला सांगा, आणि मग वर्तमानपत्रातला सरकारी आकडा त्याशेजारी लिहा. दोन्ही जुळले तर चांगलंच. नाही जुळले, तर का जुळले नाहीत हे विचारायला मुलं शिकतील.